बालवर्ग निवडताना धोरणापेक्षा वर्ग पाहा

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठीची सरकारी धोरणे मी आजवर बारकाईने वाचत आले आहे. त्यावरून तरुण आईवडिलांना कळकळीने सांगते: ‘नवे शैक्षणिक धोरण लागू’ अशी पाटी पाहून निर्धास्त होऊ नका. २०२० च्या धोरणाने अंगणवाडीची किंवा बालवाटिकेची तीन वर्षे पहिली-दुसरीशी जोडून तीन ते आठ हा ‘पायाभूत स्तर’ केला. उशिरा का होईना, हे फार चांगले झाले. पण २००९ चा शिक्षण हक्क कायदा आजही सहाव्या वर्षापासूनच लागू होतो. त्याच्या ११ व्या कलमानुसार, त्याआधीच्या मुलांची सोय सरकार करू शकते; तसे बंधन त्याच्यावर नाही. पहिलीला जे हक्काने मिळते, ते बालवर्गाला मागावे लागते.

बालवर्ग शाळेला जोडला की पहिलीचा अभ्यास हळूच खाली सरकतो, ही माझी खरी धास्ती. चार वर्षांच्या मुलापुढे चाररेघी वही येते, एकच अक्षर पानभर गिरवायचे, वर गृहपाठ. पायाभूत स्तरासाठीचा २०२२ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा मात्र खेळ, गाणी, गोष्टी आणि घरची भाषा यांवर भर देतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला परिसरातल्या साध्या वस्तूंतून हेच उभे केले होते. ‘पण मूल पहिलीत मागे पडेल,’ असे पालक म्हणतात. चिंचोक्यांचे पाच-पाचचे ढीग लावणारे मूल गणितच करत असते आणि मणी ओवता ओवता त्याची बोटे पेन्सिलीसाठी तयार होतात. पहिलीला सहा वर्षे लागतातच, मग चौथ्या वर्षी घाई कशाला?

‘अंगणवाडीत खिचडीपलीकडे काय मिळते?’ हा आक्षेप पूर्ण खोटा नाही. १९७५ पासून पूर्वप्राथमिक शिक्षण हे एकात्मिक बालविकास योजनेचेच काम आहे. पण वजने, आहारवाटप, गृहभेटी आणि मोबाइलवरच्या नोंदी यांत सेविकेची सकाळ निघून जाते. बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचे प्रशिक्षण द्यावे, असे धोरण म्हणते. ते हवेच, पण त्याने घड्याळातले तास वाढत नाहीत. म्हणून खासगी वर्गाची फी भरण्याआधी एक सकाळ तिथे बसून मुलांचे हात काय करतात ते पाहा. अंगणवाडी असेल तर ग्रामसभेत विचारा, सेविकेची नोंदींची कामे कोण वाटून घेणार आणि मुलांसाठी रोज किती वेळ राखून ठेवणार?