झुलता पूल आणि झुलती झोळी

कोलकाता नगराच्या दक्षिण भागात रवींद्र सरोवर नावाचे विस्तीर्ण तळे आहे. त्यातील एका बेटावर जुनी मशीद असून, दक्षिण काठावरून तेथे जाण्यासाठी १९२६ साली लाकूड आणि तारदोर यांचा एक झुलता पूल बांधण्यात आला. पायी चालणाऱ्यांसाठी असलेला हा पूल लहान खरा. परंतु रानात मुक्काम करणारा प्रवासी दोन झाडांमध्ये जी झोळी बांधून झोपतो, तिचे शास्त्र समजून घेण्यास तो पुरेसा आहे. झोळीचे दोर किती ताणावेत, किती उंच बांधावेत आणि कोणत्या कोनात ठेवावेत, या प्रश्नांची उत्तरे पुलाच्या शास्त्रातच सापडतात.

झोळीची रचना

साध्या झोळीचे कापड दोन्ही टोकांना चुण्या घालून एकत्र बांधलेले असते. त्यामुळे निजणाऱ्याची पाठ धनुष्यासारखी वाकते. पुलाच्या धर्तीवर शिवलेल्या झोळीत हा दोष टाळलेला असतो. तिच्या कापडाच्या दोन लांब कडा आतल्या बाजूस कमानीसारख्या कापून त्यांत मजबूत पट्टी शिवतात. डोक्याकडे आणि पायांकडे एकेक आडवी दांडी घालून या दोन कडा एकमेकींपासून दूर ठेवतात. प्रत्येक दांडीच्या दोन टोकांपासून निघालेले दोर पुढे एका बिंदूत मिळून त्रिकोण तयार होतो, आणि त्या बिंदूपासून एकच दोर झाडाकडे जातो.

झोळी टांगली म्हणजे कडेची पट्टी मध्यभागी खाली झुकते व टोकांकडे वर चढते. कापड मात्र मध्यभागी कमी आणि टोकांकडे अधिक रुंद असल्यामुळे तळ जवळजवळ सपाट राहतो. झुलत्या पुलातही असेच घडते. मुख्य दोर वक्र असतो, त्याला लोंबणाऱ्या उभ्या सळया मध्यभागी आखूड व टोकांकडे लांब असतात, आणि म्हणून रस्ता सपाट राहतो. झोळीची कडपट्टी म्हणजे पुलाचा मुख्य दोर, आणि तिचे कापड म्हणजे सळया व रस्ता दोन्ही होत.

कोन आणि ताण

एक किलोग्रॅमचे वजन दोरीच्या मध्यभागी बांधून तिची दोन टोके दोन ताणकाट्यांना अडकवावीत आणि काटे हळूहळू एकमेकांपासून दूर न्यावेत. दोरी जसजशी आडवी होत जाईल, तसतसा दोन्ही काट्यांवरील आकडा वाढत जाईल. वजन तेच असूनही ताण वाढतो, कारण वजन पेलण्याचे काम ताणाचा केवळ उभा घटक करतो. दोरी जितकी आडवी, तितका हा घटक लहान. म्हणून तेवढेच वजन उचलण्यासाठी एकंदर ताण मोठा व्हावा लागतो. दोरी पूर्णपणे आडवी झाली तर उभा घटक शून्य होईल. यावरून ध्यानात येईल की, मध्ये वजन असलेली दोरी कितीही ओढली तरी सरळ होणे शक्य नाही.

झोळीत निजणाऱ्याचे वजन ६० किलोग्रॅम मानले आणि ते दोन्ही टोकांवर सारखे वाटले गेले, तर प्रत्येक टोकास ३० किलोग्रॅमचा उभा भार येतो. दोर क्षितिजाशी ४५ अंशांचा कोन करीत असता त्यातील ताण सुमारे ४२ किलोग्रॅम वजनाइतका असतो. ३० अंशांच्या कोनात तो ६०, १५ अंशांत ११६, १० अंशांत १७३ आणि ५ अंशांत तब्बल ३४४ किलोग्रॅम वजनाइतका होतो. झोळी खाटेसारखी सपाट व्हावी म्हणून दोर घट्ट ओढणारा मनुष्य नकळत आपल्या वजनाच्या सहापट ताण दोरावर आणि झाडावर लादीत असतो.

यातील धोका केवळ दोर तुटण्याचा नाही. विटांचा सुटा खांब वरून येणारा भार उत्तम पेलतो, परंतु आडवी ओढ त्याला सहन होत नाही. तो मुळापासून ढासळून निजलेल्याच्या अंगावर येऊ शकतो. म्हणून अशा खांबास, वाळलेल्या झाडास किंवा कोवळ्या रोपट्यास झोळी कधीही बांधू नये.

त्रिकोण आणि दांडी

कोलकात्याचा विद्यासागर सेतू १० ऑक्टोबर १९९२ रोजी खुला झाला. त्याचा मुख्य गाळा ४५७ मीटरांहून थोडा अधिक आहे. येथे वक्र दोर नाही; उंच मनोऱ्यांच्या माथ्यापासून निघालेले तिरपे दोर पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरून रस्त्यास धरून ठेवतात. सर्व दोर माथ्याजवळून निघत असल्यामुळे दूरच्या दोरांनाही शक्य तितका उभा कोन मिळतो व ताण आटोक्यात राहतो. तिरप्या दोराच्या ताणाचा आडवा घटक मात्र रस्त्याला मनोऱ्याकडे दाबीत असतो, आणि रस्त्याच्या बांधणीस हा दाब सोसावा लागतो.

झोळीच्या दांडीवरही त्रिकोणाचे दोन तिरपे दोर असाच दाब आणतात. दांडी ९० सेंटीमीटर लांब, मुख्य दोरातील ताण ६० किलोग्रॅम आणि त्रिकोणाचे टोक दांडीपासून ६० सेंटीमीटर अंतरावर असेल, तर दोरांमुळे दांडीवर सुमारे साडेबावीस किलोग्रॅमचा दाब येतो. टोक ९० सेंटीमीटर दूर नेले, तर तोच दाब १५ किलोग्रॅमवर उतरतो. कडपट्ट्या आत ओढल्या गेल्यामुळे येणारा दाब याखेरीज असतो. दांडी वाकू लागल्यास जाड दांडी शोधण्याआधी त्रिकोणाचे दोर लांब करून पाहावेत.

योग्य बांधणी

दोराचा कोन ३० अंशांच्या आसपास ठेवणे सर्वसाधारणपणे हितावह ठरते. कोनमापक जवळ नसल्यास, झाडापासून एक मीटर आडव्या अंतरात दोर सुमारे ५८ सेंटीमीटर खाली उतरतो की नाही, ते पाहावे. कोन फार उभा झाल्यास मध्यभाग खाली जाऊन झोळी होडीसारखी वाकते. फार आडवा झाल्यास ताण वाढतो आणि टोकांकडचे कापड सैल पडते. कड मुळात ज्या वक्रतेने कापली आहे, तिच्याशी दोराचा कोन जुळला म्हणजेच तळ सपाट राहतो. कडेची लांबी २ मीटर असेल, तर ३० अंशांसाठी कमानीची खोली सुमारे २९ सेंटीमीटर असावी लागते.

निजल्यावर शरीर पायांकडे घसरत असेल, तर पायांकडचा दोर थोडा उंच बांधावा. डोक्याकडे घसरत असेल, तर डोक्याकडचा. एका वेळी एकच बदल करून पुन्हा निजून पाहावे, म्हणजे कोणत्या बदलाचा कोणता परिणाम झाला हे कळते. तळ जमिनीपासून खुर्चीच्या उंचीपेक्षा वर नसावा, आणि खाली दगड नसावेत.

दोराचा पदार्थही विचारात घ्यावा. हुगळीच्या काठी रिसडा येथे १८५५ साली तागाची पहिली यांत्रिक गिरणी सुरू झाली व ताग बंगालचे वैभव बनला. परंतु तागाचा दोर ओलाव्याने दुबळा होतो आणि कुजतो. नायलॉनचा दोर भिजल्यावर अधिक ताणला जातो, त्यामुळे रात्रीतून झोळी खाली येते. पॉलिएस्टरचा पट्टा त्या मानाने कमी ताणतो.

झाडाभोवती बारीक दोर न बांधता रुंद पट्टा बांधावा. सालीखालच्या जिवंत थरास जखम झाली की रोगास वाट मिळते. शिवपूरच्या वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध वटवृक्षाला १८६४ व १८६७ सालच्या वादळांत इजा पोचली. पुढे बुरशीने ग्रासलेले त्याचे मूळ खोड १९२५ साली काढून टाकावे लागले. पारंब्यांच्या आधाराने तो वृक्ष तरला. परंतु पारंब्यांचा असा आधार प्रत्येक झाडास लाभत नाही.

शेवटी, झोळीवर एकदम अंग टाकू नये. प्रथम हातांनी भार देऊन, मग हळूहळू बसून, गाठी सरकतात का आणि झाड हलते का, हे पाहावे. पूल वाहतुकीस खुला करण्यापूर्वी अभियंते त्यावर भार ठेवून त्याची परीक्षा घेतात. झोळी लहान असली, तरी तिच्यावर विसंबून निजणाऱ्याने तितकीच दक्षता बाळगणे इष्ट होय.