थेरपी आणि शुश्रूषा

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ६७



गेले चार महिने दर गुरुवारी संध्याकाळी मी थेरपिस्टकडे जातो. ऑफिसच्या कॅलेंडरवर मात्र ‘डेंटिस्ट’ लिहितो. खरं तर ऑफिसपेक्षा देवघरासमोर जास्त लाज वाटायची. रोज गीता वाचतोस ना, मग हे कशाला? भक्ती कमी पडली का?

परवा त्या शब्दाचं मूळ शोधलं. ‘थेरपी’ आला ग्रीक ‘थेरापेया’वरून, आणि त्याचा अर्थ नुसता उपचार नाही, तर सेवा. ‘थेरापोन’ म्हणजे सेवक, सोबती. होमरच्या ‘इलियड’मध्ये पॅट्रोक्लस हा अकिलीसचा थेरापोन आहे. प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादात तर देवांच्या थेरापेयाची चर्चा आहे. देवाची सेवा आणि आजाऱ्याची सेवा, दोन्हींना एकच शब्द!

आपल्याकडेही असा शब्द आहे : शुश्रूषा. गुरूची करतात, रुग्णाचीही करतात. त्याचा धातू ‘श्रु’, म्हणजे ऐकणे. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ त्यातूनच आला.

आता आजचा श्लोक पाहा. हे ज्ञान कुणाला सांगू नये, ते भगवंत सांगतात : ज्याच्याकडे तप नाही, भक्ती नाही, जो माझ्यात दोष काढतो, आणि जो ‘अशुश्रूषु’ आहे, म्हणजे ज्याला ऐकायचंच नाही. ऐकण्याची इच्छा थेट तप आणि भक्तीच्या रांगेत!

इथे मी अडकलो. मागच्या वर्षी बाबा आजारी होते. गोळ्यांचे अलार्म, रिपोर्ट्सची एक्सेल शीट, माझं सगळं चोख होतं. पण रात्री ते बोलायला लागले की मी लॅपटॉपमधून मान वर न करता “हो बाबा” म्हणायचो. सेवा झाली, शुश्रूषा राहिली. हे कळलं ते थेरपीत, कारण तिथे कुणीतरी माझं मध्ये न तोडता ऐकत होतं.

काल लॅपटॉप बंद करून बाबांजवळ बसलो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “तेव्हा फार भीती वाटायची रे.” मी काहीच सुचवलं नाही. फक्त ऐकलं.

आजचा अभ्यास एवढाच : घरातल्या एका माणसाचं दहा मिनिटं ऐकायचं, उपाय न सांगता. आणि स्वतःला गरज असेल, तर ऐकणाऱ्याकडे जायला लाजायचं नाही. येत्या गुरुवारी मी कॅलेंडरवर ‘थेरपी’ असंच लिहिलंय.

राम कृष्ण हरी!