इंजिनाचं 'फाउंडेशन'



इंजिन गाडीला कशानं जोडलेलं असतं? हा प्रश्न आमच्या विंगमध्ये विचारला, तर पाचातल्या चौघींनी 'नट-बोल्टनं' असं उत्तर दिलं. उत्तर अर्धंच बरोबर आहे. नट-बोल्ट असतात, पण इंजिनाचं लोखंड आणि बॉडीचं लोखंड एकमेकांना भिडत नाही. मध्ये रबर असतं. दोन लोखंडी पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये पक्कं चिकटवलेलं रबर, एवढीच ही वस्तू. पुस्तकात हिला 'इंजिन माउंट' म्हणतात आणि गॅरेजमध्ये 'फाउंडेशन'. (सिव्हिलवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये!)

या लेखात हे फाउंडेशन का लागतं, गेलं हे कसं ओळखायचं आणि कसं बदलायचं ते पाहू. उदाहरण घेऊ प्रीमियर पद्मिनीचं.

पद्मिनीच का?

एक म्हणजे ही आपल्या महाराष्ट्रात बनलेली गाडी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहानं १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली आणि तीच पुढं 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटलं की हीच गाडी डोळ्यांसमोर येते. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईतली तिची टॅक्सीसेवा संपली. दुसरं म्हणजे आजच्या गाडीचं बॉनेट उघडलं की प्लॅस्टिकची झाकणंच दिसतात. पद्मिनीत मात्र १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन समोर उभं दिसतं. शिकायला याहून चांगली गाडी नाही.

आणि तिसरं कारण घरचं. आमच्या गावी, शिरूर कासारला (हे बीड जिल्ह्यातलं, पुण्याजवळचं शिरूर नव्हे!), आजोबांची १९८६ सालची पद्मिनी आहे. रात्री-अपरात्री गल्लीतल्या कुणाला बीडच्या दवाखान्यात न्यायचं असलं की हीच गाडी निघायची. मागच्या उन्हाळ्यात ती उभ्या जागी इतकी थरथरायला लागली की आरसासुद्धा दिसेना. एका वर्कशॉपनं इंजिन खोलायला सांगितलं. तो खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. त्यातच पंधरा वर्षांवरच्या गाडीची दर पाच वर्षांनी करावी लागणारी नोंदणीही जवळ आलेली. काका म्हणाले, "इंजिनच गेलंय म्हणतेत गं. भंगारात देऊन टाकू." गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांनी बॉनेट उघडून पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "ताई, रबर मेलंय, इंजिन नाही."

चाचांचं हे वाक्य आपल्या सिलॅबसमध्ये बसतं का ते बघू.

थोडी थिअरी

इंजिन आयडलला ७५० आरपीएमवर चाललंय असं धरा. म्हणजे सेकंदाला १२.५ फेऱ्या. फोर-स्ट्रोक, चार सिलिंडर, म्हणजे एका फेरीत दोन पॉवर स्ट्रोक. म्हणून इंजिन सेकंदाला २५ धक्के देतं, म्हणजे २५ हर्ट्झ. हे धक्के सीटपर्यंत पोहोचू नयेत म्हणून इंजिन रबरावर 'तरंगत' ठेवतात. रबरावर बसलेल्या इंजिनाची स्वतःची नॅचरल फ्रिक्वेन्सी १० हर्ट्झ आहे असं समजा. दोन्हींचं गुणोत्तर २.५. त्याचा वर्ग करा, १ वजा करा आणि १ ला त्यानं भागा. उत्तर येतं ०.१९. म्हणजे धक्क्याचा फक्त १९ टक्के भाग बॉडीत जातो.

आता मराठवाड्याचं ऊन, इंजिनाची उष्णता आणि वर ठिबकणारं ऑइल यांनी रबर वर्षानुवर्षं शिजलं. ते टणक झालं, कडकपणा समजा चौपट झाला. नॅचरल फ्रिक्वेन्सी दुप्पट, म्हणजे २० हर्ट्झ झाली. गुणोत्तर आलं १.२५. तेच गणित परत करा, उत्तर १.७८! म्हणजे १०० चा धक्का १७८ चा होऊन बॉडीत जातो. रबर काढून इंजिन थेट बोल्टनं आवळलं असतं तरी धक्का १०० चाच राहिला असता. (यात डँपिंग धरलेलं नाही. खरा आकडा कमी येईल, पण दिशा हीच.)

आता १५०० आरपीएम धरा. धक्के झाले ५० हर्ट्झ, गुणोत्तर पुन्हा २.५, उत्तर पुन्हा ०.१९. म्हणून कडक फाउंडेशनची गाडी सिग्नलला थरथरते आणि रस्त्यावर शहाण्यासारखी वागते. एखादा सिलिंडर मिस होत असेल तर उलट होतं. थरथर अनियमित असते आणि चढावर गाडी ओढत नाही. आमची गाडी घाट चढताना झकास ओढत होती. उत्तर तिथंच होतं.

रबर फाटलं तर?

कडक होणं हा एक आजार, फाटणं हा दुसरा. पद्मिनीत पुढं डावं-उजवं अशी दोन फाउंडेशन आणि मागं गिअरबॉक्सखाली एक असतं. पुढं जाताना ॲक्सिलेटर दिला की न्यूटनच्या तिसऱ्या नियमानं इंजिन उलट्या बाजूला कलतं आणि त्याची डावी बाजू वर उचलली जाते. त्या बाजूचं रबर ताणलं जातं.

हे किती गंभीर होऊ शकतं? १९७१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सला सुमारे ६७ लाख शेव्हरोले गाड्या याच कारणासाठी परत बोलवाव्या लागल्या. फाउंडेशन तुटून इंजिन उचललं जायचं, ॲक्सिलेटरची जोडणी ओढली जायची आणि गाडी आपोआप वेग घ्यायची. उपाय म्हणून इंजिन उचललं जाऊ नये असा एक बंध बसवून दिला. तेव्हा 'रबरच तर आहे' असं म्हणू नका.

तपासणी

बॉनेट उघडा. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. एकानं ब्रेक घट्ट दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायचा, मग रिव्हर्समध्ये तसंच. दुसऱ्यानं बाजूला उभं राहून पाहायचं. गाडीच्या समोर किंवा मागं कुणीही उभं राहू नये. इंजिन एका बाजूनं चांगलंच उचललं जात असेल तर त्या बाजूचं रबर सुटलंय. मग इंजिन बंद करून ब्रॅकेटजवळ टॉमी घालून हलकेच उचकटा. रबर आणि पट्टी यांच्यामध्ये फट दिसेल. रबरावर नख दाबा. दबलंच नाही तर ते 'मेलंय'.

बदलण्याची कृती

१. इंजिन थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

२. गाडी वर घेतली तर खाली घोडी लावल्याशिवाय आत शिरू नका. नुसत्या जॅकवर विश्वास नको.

३. जुन्या नटांवर आदल्या रात्रीच तेल सोडा. ऐन वेळी जोर लावला तर स्टड तुटतो आणि दोन तासांचं काम दोन दिवसांचं होतं.

४. इंजिनाच्या ऑइल चेंबरखाली जाड लाकडी फळी ठेवून मगच जॅक लावा. चेंबर पत्र्याचा असतो, फळी नसेल तर चेपतो.

५. दोन्ही बाजूंचे नट सैल करा आणि फाउंडेशनवरचा भार जाईल इतकंच इंजिन उचला. उचलताना पंखा आणि रेडिएटरमधलं अंतर, पाण्याचा होजपाइप, सायलेन्सरचा पाइप आणि ॲक्सिलेटरची जोडणी यांवर एकाची नजर हवीच.

६. जुनं काढून नव्याशेजारी ठेवा. उंची आणि भोकं जुळतात का पाहा.

७. नवं बसवताना सगळे नट आधी हातानं चढवा. पाना नंतर. मग इंजिन हळूहळू खाली सोडा.

८. जॅक काढून इंजिन दोन मिनिटं आयडलला चालवा, म्हणजे ते आपल्या जागी बसतं. मग बंद करून शेवटचं आवळा.

दोन सूचना. डावं-उजवं जोडीनंच बदला, नाहीतर एक मऊ आणि एक कडक असं होऊन इंजिन कलतं. आणि टायर कापून तुकडा घालण्याचा जुगाड करू नका. टायरच्या रबरात धागे असतात. ते आधीच कडक असतं आणि पट्टीला चिकटलेलंही नसतं. थोडे दिवस चालतं, मग पुन्हा तेच.

आम्हाला नवी जोडी पुण्याच्या नाना पेठेतून मागवावी लागली. मी आणि चाचांनी मिळून सकाळी काम सुरू केलं, जेवणाच्या आत संपवलं. आरसा स्थिर झाला. काकांनी भंगारवाल्याला फोन करून 'येऊ नका' म्हणून सांगितलं आणि नोंदणीचे कागद काढायला घेतले.

जाता जाता

हे फक्त जुन्या गाड्यांचं नाही. मेसच्या मिक्सरचे रबरी पाय, हॉस्टेलच्या जनरेटरखालचे पॅड, सगळीकडे हीच थिअरी आहे. कंपन वाढलं की आपण लगेच मोठ्या मशीनवर आरोप ठेवतो आणि ते खोलायला निघतो. त्याआधी ते ज्यावर बसलंय ते रबर एकदा दाबून बघा. व्हायवामध्ये ट्रान्समिसिबिलिटी विचारली तर मिक्सरचं उदाहरण द्या, सर नक्की खूश होतील!