परदेशातील ताट : निषिद्ध कोणते, अपरिचित कोणते?



आपल्या गावांतील मुले-मुली आता शिक्षणासाठी परदेशी जाऊ लागली आहेत. अमेरिकेने 2002 मध्ये सुरू केलेल्या केनेडी-लुगार शिष्यवृत्तीसारख्या योजनांत तर विद्यार्थ्याला एक शैक्षणिक वर्ष तेथील एखाद्या कुटुंबातच राहावे लागते. अशा वेळी आई-वडिलांची पहिली चिंता असते ती जेवणाची. ही चिंता रास्त आहे; परंतु तिच्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : अल्लाहने निषिद्ध केलेले अन्न आणि आपल्या जिभेला अपरिचित असलेले अन्न. या दोहोंतील भेद मुलाला घरीच शिकवला पाहिजे.

निषिद्धाची सीमा स्पष्ट आहे. सूरह अल-माइदाच्या 3 ऱ्या आयतीत मृत जनावर, रक्त, डुकराचे मांस आणि अल्लाहखेरीज इतरांच्या नावाने कापलेले जनावर हराम ठरविले आहे. 90 व्या आयतीत मद्य. जिवावर बेतणारी भूक असेल तर सवलत आहे. मात्र यजमानांना कसे सांगावे हा संकोच म्हणजे लाचारी नव्हे. म्हणून पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगावे. पिझ्झावरील पेपरोनी बहुधा डुकराच्या मांसाची असते, जेलीतील जिलेटिनही डुकराचे असू शकते. तेव्हा विचारून घ्यावे. मांसाविषयी शंका असल्यास मासे, अंडी, डाळी, भाज्या आहेतच. भांड्यांविषयी अबू सअलबा (रजि.) यांनी विचारले असता, दुसरी भांडी नसतील तर तीच धुऊन वापरण्याची अनुमती प्रेषितांनी (स.) दिली.

सांगितल्याने यजमान दुखावतील काय? आपल्या वेळापूरचेच पाहा. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी येथे मुक्कामी असते. माळकरी मांसाहार करीत नाही हे गावाला ठाऊक असते आणि त्यात कोणालाही अपमान वाटत नाही. पाहुण्याचे पथ्य वेळेवर कळले की यजमानाचे काम सोपे होते.

आता अपरिचित अन्नाविषयी. आदरणीय मैमूना (रजि.) यांच्या घरी दब्ब, म्हणजे घोरपडीसारखा वाळवंटी प्राणी, भाजून वाढण्यात आला. प्रेषितांनी (स.) हात मागे घेतला. तो निषिद्ध आहे काय, असे खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारले. नाही, परंतु आपल्या लोकांच्या भूमीत तो आढळत नसल्याने मन घेत नाही, असा खुलासा प्रेषितांनी (स.) केला. खालिद (रजि.) यांनी तो त्यांच्यासमोरच खाल्ला. या प्राण्याच्या हुकुमाविषयी इमामांत मतभेद आहेत; येथे आपल्याला शिष्टाचार शिकायचा आहे. प्रेषितांनी (स.) आपल्या नावडीला धर्माचा हुकूम बनविले नाही आणि वाढणाऱ्याला नावेही ठेवली नाहीत. अन्नाला दोष न देणे हीच त्यांची नेहमीची रीत होती.

म्हणून उकडलेल्या बटाट्यांना चव नाही, भाकरी नाही, तिखट नाही, ही तक्रार मुलाने ‘आमच्या धर्मात चालत नाही’ या शब्दांआड लपवू नये. तसे केल्यास खऱ्या निषिद्धाविषयीचा त्याचा शब्दही हलका ठरेल. हलाल असेल ते बिस्मिल्लाह म्हणून खावे, न आवडल्यास थोडे घ्यावे, आणि आभार मानावेत, कारण जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

अल्लाह आपल्या मुलांना हलालवर दृढ राहण्याची आणि यजमानांशी सौजन्याने वागण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.