रक्ताची पिशवी आणि द्रावकाची निवड



आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात, विशेषतः गोंड समाजात, सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. या आजाराच्या काही मुलांना पुन्हा पुन्हा रक्त द्यावे लागते. ते रक्त ज्या पिशवीत साठवतात ती बहुधा पीव्हीसी या प्लास्टिकची असते. त्या प्लास्टिकमधून रक्तात काही उतरते का, आणि ते कसे तपासतात, हे आपण या पाठात पाहू.

१. प्लास्टिक मऊ कसे होते?

शुद्ध पीव्हीसी कडक असते. घरातील नळाचे पाइप आठवा. पिशवी मऊ व्हावी म्हणून त्यात डीईएचपी नावाचे तेलकट द्रव्य मिसळतात. अशा मऊ पीव्हीसीत त्याचे प्रमाण वजनाच्या साधारण ३० ते ४० टक्के असते. हे द्रव्य प्लास्टिकच्या रेणूंना रासायनिक बंधाने जोडलेले नसते, नुसते त्यांच्यामध्ये सामावलेले असते. म्हणून ते बाहेर येऊ शकते. १९७० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जेगर व रुबिन या संशोधकांनी पिशवीत साठवलेल्या रक्तात ते उतरते, असे दाखवले.

२. पाण्याने का भागत नाही?

डब्याला लागलेला हळदीचा डाग नुसत्या पाण्याने जात नाही. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात व स्पिरिटमध्ये विरघळतो. डीईएचपीचेही तसेच आहे. पिशवीचा तुकडा पाण्यात ठेवून तपासणी केली, तर पाण्यात ते फारच थोडे सापडेल. तो निष्कर्ष खोटा नसतो, पण अपुरा असतो. कारण रक्त म्हणजे नुसते पाणी नव्हे. त्यात स्निग्ध पदार्थ व प्रथिने असतात, आणि ती डीईएचपीला ओढून घेतात.

३. तीन प्रकारचे द्रावक

म्हणून प्रयोगशाळेत एकाच द्रवावर विसंबत नाहीत.
(अ) ध्रुवीय : पाणी किंवा मिठाचे सलाइन. क्षार व पाण्यात विरघळणारी द्रव्ये यात उतरतात.
(आ) मध्यम : अल्कोहोल व पाणी यांचे मिश्रण.
(इ) अध्रुवीय : हेक्झेन किंवा वनस्पती तेल. तेलकट द्रव्ये यात उतरतात.

द्रावक फार तीव्र असूनही चालत नाही. टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये पीव्हीसीच विरघळून जाते. मग प्लास्टिकमध्ये एकूण काय आहे ते कळते. रुग्णाच्या शरीरात किती जाईल ते कळत नाही. शिवाय प्लास्टिक न घातलेला तोच द्रावक, तितकाच वेळ, तितक्याच तापमानाला ठेवून तपासतात. त्यामुळे सापडलेले द्रव्य प्लास्टिकचे की द्रावकातलेच, हे ठरवता येते.

४. थोडे गणित

आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १०९९३ च्या १२ व्या भागानुसार ०.५ मि.मी.पेक्षा पातळ नमुन्याच्या ६ चौ.सें.मी. पृष्ठभागासाठी १ मि.लि. द्रावक घेतात. समजा तुकडा ५ सें.मी. × ६ सें.मी. आहे. दोन्ही बाजू मिळून पृष्ठभाग ६० चौ.सें.मी., म्हणून द्रावक १० मि.लि. लागेल. नमुना ३७ अंश सेल्सिअसला ७२ तास, ५० अंशाला ७२ तास, ७० अंशाला २४ तास किंवा १२१ अंशाला १ तास ठेवतात. द्रावक जास्त घेतला तर द्रव्य विरळ होते आणि उपकरणाला दिसत नाही.

५. पालकांसाठी

हे वाचून रक्त घेण्यास कोणी कचरू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ साली नवजात मुलग्यांच्या काही उपचारांत शक्य तेथे डीईएचपीविरहित साधने वापरावीत असे सुचवले. पण आवश्यक उपचार टाळण्याचा धोका कितीतरी मोठा आहे, हेही त्याच सूचनेत स्पष्ट केले. दुसरी गोष्ट म्हणजे डीईएचपीमुळे साठवलेल्या तांबड्या पेशी कमी फुटतात. योग्य द्रावणात त्या ४२ दिवसांपर्यंत टिकवता येतात. म्हणून पर्यायी द्रव्य निवडताना दोन्ही बाजू तोलाव्या लागतात.

मात्र कोणतीही वस्तू "तपासलेली आहे" असे सांगितले, तर विचारावे : कोणत्या द्रवात? किती अंशाला? किती वेळ? उत्तर कसे मिळेल ते प्रश्नावर अवलंबून असते, आणि या तपासणीत द्रावक हाच प्रश्न असतो.

स्वाध्याय

१. सलाइनची नळी आणि दुधासारखे स्निग्ध पोषण देणारी नळी यांसाठी एकच द्रावक पुरेल का? कारण द्या.
२. ४ सें.मी. × ९ सें.मी. आकाराच्या पातळ तुकड्याला किती द्रावक लागेल?
३. लोणच्याची बरणी काचेची किंवा चिनी मातीची का ठेवतात? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून, या पाठाच्या आधारे पाच ओळी लिहा.

सूचना : वापरलेल्या पिशव्या, नळ्या व सुया हा रुग्णालयातील धोकादायक कचरा आहे. प्रयोगासाठी त्यांना हात लावू नये.