रातच्या ओलिताची थंडी

हरभऱ्या-गव्हाच्या ओलिताला रात्रपाळीची विजेची लाइन आली की अनसिंगच्या शिवारात माणूस साप आणि रानडुकरांना भितो. थंडीला कोणी मोजत नाही. "आपल्याले सवय हाये," म्हणायचं आणि बनियनवर पाण्यात उतरायचं. मीही कित्येक हिवाळे स्प्रिंकलरचे पाइप हलवलेत. सवय होते, हे खरं आहे. सुरुवातीला दात वाजतात, महिन्याभरानं तेवढे वाजत नाहीत. पण हुडहुडी कमी झाली म्हणजे अंगात ऊब वाढली असं नव्हे.

थंडीत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त छाती-पोटाकडे राखलं जातं आणि स्नायू कुडकुडून उष्णता करतात. कपडे भिजले की हे सगळं अपुरं पडतं, कारण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगानं उष्णता ओढून नेतं. म्हणून बर्फ न पडणाऱ्या आमच्या वाशीम जिल्ह्यातही माणूस गारठतो.

सवयीचंच बघायचं तर कोरियातल्या हेन्यो नावाच्या पाणबुड्या बायका हिवाळ्यातही सुती कपड्यांत समुद्रात बुड्या मारायच्या. थंडीत त्यांचं शरीर जास्त उष्णता तयार करायचं. १९७० च्या दशकात त्यांना रबरी पोशाख मिळाले आणि काही वर्षांत ही ताकद ओसरली. त्यांचं काही अडलं नाही; उलट जास्त वेळ पाण्यात राहता येऊ लागलं. आपण मात्र सवयीचाच तोरा मिरवतो.

एका पहाटे धुऱ्यापलीकडचे काका स्टार्टरसमोर नुसतेच उभे दिसले. बटण सापडेना, जीभ जड. कोणालाही वाटावं, घेतलेली आहे. कुडकुडणं थांबलेलं होतं, आणि तीच धोक्याची खूण. अंगाचं तापमान ३५ अंशांच्या खाली घसरलं की डोकं चालेनासं होतं; ३२ च्या आसपास हुडहुडीही बंद पडते. माणूस स्वतः म्हणतो, "मले काई नाई झालं." त्याचं ऐकू नये.

आधी ओले कपडे काढावेत, कोरड्या घोंगडीत डोक्यासकट गुंडाळावं, पण तोंड मोकळं ठेवावं. ऊब छाती-पोटाला द्यावी. हातपाय चोळू नयेत, बधिर बोटं शेकोटीवर धरू नयेत. भाजलेलं कळत नाही. दारू तर नकोच, तिनं रक्तवाहिन्या सैलावतात आणि उरलीसुरली ऊबही जाते. शुद्धीत असून नीट गिळता येत असेल तरच गरम गोड चहा. बरळत असेल तर चालवत नेऊ नये. आडवं ठेवून १०८ ला फोन लावावा.

आणि ओलिताला जाताना कपड्यांचा दुसरा जोड प्लास्टिकच्या थैलीत बांधून मोटरीच्या पेटीजवळ टांगावा, गमबूट घालावेत. लोक हसतात, हसू द्यावं.