जुनी चेनसॉ कमी खर्चात कशी सुरू करावी?

प्रश्न : जुन्या बाजारातून पेट्रोलवर चालणारी चेनसॉ स्वस्तात घेतली. कितीही दोरी ओढली तरी सुरू होत नाही. फार खर्च न करता ती कामाला लावता येईल का?
– एक बागायतदार, दापोली

उत्तर : येईल, पण सुटे भाग आणण्याआधी पिस्टन पाहा. मफलर काढला की एक्झॉस्टच्या भोकातून तो दिसतो. बाजू गुळगुळीत असेल, तर पुढचा खर्च सार्थकी लागेल. उभे खोल ओरखडे असतील, तर पिस्टन-सिलिंडर बदलावे लागेल आणि स्वस्तातला सौदा महागात पडेल.

पिस्टन ठीक असेल, तर दोष बहुधा इंधनाचा. पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकटा कार्ब्युरेटरमध्ये बसतो, आतले पातळ पडदे ताठ होतात. कार्ब्युरेटर साफ करून पडद्यांचा किट, इंधनाची नळी, फिल्टर आणि स्पार्क प्लग बदला. ताज्या पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळा. कंपनीने ५०:१ प्रमाण सांगितले असेल, तर लिटरला २० मिलि. नुसत्या पेट्रोलवर पिस्टन जाम होतो.

साखळी लगेच टाकून देऊ नका. तिच्या मापाच्या गोल कानसीने प्रत्येक दात आतून बाहेर, सारख्याच वेळा घासा. बारीक भुशाऐवजी कपच्या पडू लागल्या की धार लागली समजा. बारची खाच व तेलाचे भोकही साफ करा.

चेन ब्रेक पकडत नसेल किंवा रेस सोडल्यावरही साखळी फिरत असेल, तर दुरुस्तीशिवाय यंत्र वापरू नका. आणि गॉगल, हातमोजे, मजबूत बूट यांवर काटकसर मुळीच करू नका.